पारशी विवाह न्यायालयाचा उगम

कौटुंबिक तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायालय ही भारतातील व्यवस्था सर्वसाधारणपणे 1984च्या कुटुंब न्यायालय अधिनियमापासून सुरू झाली असे मानले जाते. मुंबईच्या पारशी समाजाला मात्र असे न्यायालय 1865 मध्येच मिळाले होते, आणि त्यामागे सुधारणेच्या उत्साहाइतकाच अधिकारक्षेत्राचा, म्हणजे कोणता दावा कोणी ऐकायचा याचा, पेच कारणीभूत होता.

त्यापूर्वी पारशांचे घरगुती वाद पारशी पंचायत मिटवीत असे आणि गव्हर्नर हॉर्नबी यांनी 1778 मध्ये तिला अपराध्यांना जोड्याने मारण्याची मुभाही दिली होती. पहिली बायको हयात असताना दुसरी करणाऱ्यांवर पंचायतीचा विशेष रोख असे. पण गरिबाला शिक्षा आणि शेठला सूट, असा बोभाटा होऊ लागला तसा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिचा धाक ओसरत गेला.

पंचायत दुबळी झाली तरी तिची जागा घेणारे न्यायालय नव्हते, हे आर्देशिर कर्सेटजी विरुद्ध पेरोजबाई या खटल्याने उघड केले. पतीने नांदवावे, अर्थात वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना व्हावी, असा पत्नीचा दावा मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टाने आपल्या धर्मशाखेत, म्हणजे चर्चच्या कायद्यानुसार विवाहाचे दावे चालवणाऱ्या विभागात, दाखल करून घेतला. परंतु 1856 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, हा कायदा ख्रिस्ती विवाहकल्पनेवर उभा असल्याने तो पारशांना लावता येत नाही, असा निर्णय दिला. तर्क बिनतोड होता, पण त्याची किंमत एका स्त्रीने मोजली.

या निर्णयाच्या आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या, नवरोजी फर्दुनजी यांच्यासारख्या सुधारकांच्या पारशी लॉ असोसिएशनने स्वतंत्र कायद्याची मागणी लावून धरली आणि 1865च्या पारशी विवाह व घटस्फोट अधिनियमाने ती मान्य केली. कायद्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने आणि वस्तुस्थितीचा प्रश्न समाजातील अकरा ‘डेलिगेट’नी बहुमताने ठरवावा, अशी त्याची रचना होती, पंचायत जणू न्यायासनाशेजारी बसवली गेली, फक्त तिच्या हातातला जोडा तेवढा काढून घेतला गेला.

1936च्या नव्या अधिनियमाने डेलिगेटांची संख्या सात आणि 1988च्या दुरुस्तीने पाच केली. शिवाय पोटगी, मुलांचा ताबा आणि अंतरिम अर्ज हे विषय त्यांच्या कक्षेतून काढून ते एकट्या न्यायाधीशाकडे सोपवले. फौजदारी खटल्यांतील ज्यूरी 1973च्या संहितेने इतिहासजमा झाली, तरी तिचा हा दिवाणी अवशेष टिकून राहिला. म्हणूनच मुंबईतील इतर जोडप्यांचे घटस्फोटाचे अर्ज कुटुंब न्यायालयात जात असताना पारशी दांपत्याचा दावा आजही उच्च न्यायालयातील पारशी मुख्य विवाह न्यायालयातच दाखल करावा लागतो.