मांडवीकाठचे बंदर : जुने गोवे

जुने गोवे पाहावयास येणारा प्रवासी बहुधा पणजीहून मोटारीने येतो. रस्त्याच्या एका बाजूस बॉम जेझसची बासिलिका, दुसऱ्या बाजूस से कॅथेड्रल. दोन्ही वास्तू पाहून, त्यांची भव्यता वाखाणून तो तासाभरात परत फिरतो. पण त्याने पाहिली ती केवळ चर्चे. नगर त्याच्या दृष्टीस पडलेच नाही. ते पाहावयाचे असेल, तर प्रथम मांडवीच्या धक्क्यावर जावे आणि तेथून आत यावे. कारण हे नगर जलमार्गाने वाढले, आणि त्याचे महाद्वारही नदीकडेच तोंड करून उभे आहे.

या बंदराचा इतिहास पोर्तुगीजांपासून सुरू होत नाही. एला या नावाने ओळखले जाणारे हे गाव विजापूरच्या आदिलशाहीत भरभराटीस आले होते. अरबस्तान व इराणकडून येणारे घोडे येथे उतरत आणि दख्खनच्या फौजांकडे रवाना होत. हा व्यापार ज्याच्या हाती, त्याच्या हाती मोठी सत्ता. अफोन्सो द आल्बुकर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवे निर्णायकपणे जिंकले, त्यामागे हा हिशेब होताच. आदिलशाही वाड्यात पुढे १५५४ पासून १६९५ पर्यंत पोर्तुगीज व्हाइसरॉय राहत असत. १८२० साली तो वाडा पाडण्यात आला. आज संत कायतानच्या चर्चजवळ त्याची केवळ दगडी दारचौकट उरली आहे. त्या एकाकी चौकटीपाशी फारसे कोणी थांबत नाही.

धक्क्यावरून चार पावले आले की व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाच्या आगमनास शंभर वर्षे झाली, त्या स्मरणार्थ त्याचा पणतू फ्रांसिश्कु द गामा याने, तो व्हाइसरॉय असताना, ती उभारली. आजची कमान १९५४ सालच्या पुनर्बांधणीतील आहे. नदीकडील बाजूस वास्कोचा पुतळा आहे. आतील बाजूस खड्गधारी युरोपीय स्त्री पायाखाली एका देशी पुरुषास तुडवीत आहे. विजेत्यांनी आपल्या मनातील भाव दगडात कोरून ठेवला आहे, आणि तो वाचण्यास भाषा यावी लागत नाही.

कमानीतून आत जाणारा रस्ता 'रुआ दिरैता', म्हणजे सरळ रस्ता, म्हणून प्रसिद्ध होता. १५८३ ते १५८८ या काळात येथे राहिलेल्या लिन्सखोटेन या डच गृहस्थाने त्यावरील रोजच्या लिलावांचे वर्णन करून ठेवले आहे. घोडे, मसाले, कापड यांबरोबर तेथे गुलाम माणसेही विकली जात. आज त्या बाजाराच्या जागी झाडी आणि हिरवळ आहे.

पुढे से कॅथेड्रल लागते. १५६२ साली सुरू झालेले हे काम १६१९ पर्यंत चालले. त्याचा एक मनोरा १७७६ साली कोसळला. उरलेल्या मनोऱ्यात प्रसिद्ध सुवर्णघंटा आहे. समोरच्या बॉम जेझसमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह आहे. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यावरील एका बेटावर त्यांचे निधन झाले. त्यांचा देह १५५४ साली गोव्यात आणला गेला. समाधीचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीने घडविला आणि तो १६९८ मध्ये येथे बसविला गेला. वरची चांदीची पेटी मात्र गोव्याच्याच कारागिरांनी त्याच्या साठ वर्षे आधी घडविलेली आहे. भिंती येथल्या तांबड्या जांभ्याच्या, तर दर्शनी भागावरील काळा दगड वसईकडचा. चर्चची उभारणी परक्या आराखड्याने झाली असली, तरी हात आणि माती या भूमीचीच होती.

धक्क्यावरून नदीपलीकडे दिवाडी बेट दिसते. तेथील सप्तकोटेश्वर नार्व्यास गेला. त्या मंदिराचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी केला. जवळच जुवे बेट आहे. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने तेथील किल्ला घेतला. नगर हातचे जाण्याची वेळ आली. तेव्हा व्हाइसरॉयने संत फ्रान्सिस यांची पेटी उघडून आपला अधिकारदंड त्यांच्या हाती ठेवला, असे परंपरा सांगते. पुढे मोगल सैन्य कोकणात उतरल्याने मराठ्यांना वळावे लागले आणि नगर बचावले.

परंतु शत्रूपासून बचावलेले हे नगर रोगराईपासून बचावले नाही. सच्छिद्र जांभ्यातून सांडपाणी विहिरींत झिरपे. पटकी आणि ताप यांनी वस्तीच्या वस्ती ओस पडल्या. समुद्रावरील व्यापार डचांनी तोडला. १७५९ साली व्हाइसरॉयचे वास्तव्य पणजीस गेले. १८४३ मध्ये पणजी ही रीतसर राजधानी झाली. दरम्यान १८३५ साली धर्मसंघ हद्दपार झाले. त्यांचे मठ ओस पडले, आणि जुन्या इमारतींचे चिरे नव्या राजधानीच्या भिंतींत गेले. संत ऑगस्टिनच्या चर्चचे छत १८४२ मध्ये आणि अर्धा मनोरा १९३१ मध्ये कोसळला. त्याची घंटा १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. त्याच अवशेषांत जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थी सापडल्या. इराणात १६२४ साली तिचा वध झाला होता. भारताने त्या २०२१ मध्ये जॉर्जियास दिल्या.

काही वास्तूंची मात्र खूणही नाही, किंवा असलीच तर नाममात्र. ज्या संत पॉल महाविद्यालयात १५५६ साली भारतातील पहिला छापखाना आला, त्याचे आज प्रवेशद्वार तेवढे उभे आहे. कॅथेड्रलजवळच्या चौकात इन्क्विझिशनचे न्यायालय होते. १५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षे सोडता, ते चालले. त्याची भिंतही उरलेली नाही. छापखाना आणि ते न्यायालय ही दोन्ही एकाच नगरात, अवघ्या चार वर्षांच्या अंतराने आली.

१९८६ साली येथील चर्चे व मठ जागतिक वारसा म्हणून नोंदले गेले, हे योग्यच झाले. परंतु जे उरले तेवढ्यानेच इतिहास पुरा होत नाही. बासिलिकेत मस्तक नमविणाऱ्याने आदिलशाही चौकटीपाशीही क्षणभर उभे राहावे. कमानीखालून जाताना तुडवला गेलेला तो पुरुषही पाहावा. मग दिवाडीच्या फेरीबोटीत बसून मागे वळून पाहावे. माडांच्या वर डोकावणारे ते पांढरे मनोरे तेव्हा एका मोठ्या बंदराच्या उरलेल्या खुणा म्हणून ओळखू येतात.