सिझेरियन प्रसूती आणि प्रतिबंधक प्रतिजैविके

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये कर्नाटकात ३१.५ टक्के प्रसूती सिझेरियन शस्त्रक्रियेने झाल्या. देशाची सरासरी २१.५ टक्के होती. त्यामुळे बेंगळुरूच्या वाणी विलास रुग्णालयासारख्या सरकारी प्रसूतिगृहांत जखमेचा आणि गर्भाशयाचा जंतुसंसर्ग रोखणे हे नित्याचे काम ठरते.

पूर्वी प्रतिजैविकाचे इंजेक्शन नाळ बांधल्यानंतरच दिले जाई. औषध बाळापर्यंत पोहोचू नये, हा त्यामागील हेतू होता. मात्र चीर घेतेवेळीच औषध मातेच्या ऊतींमध्ये पोहोचलेले असल्यास संसर्ग अधिक टळतो, असे आढळून आले. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आता चीर घेण्यापूर्वी, शक्यतो तासाभराच्या आत, हे औषध देण्याची शिफारस करते. सेफाझोलिनची एक मात्रा बहुधा पुरते. संसर्ग नसताना पाच-सात दिवस औषधे चालू ठेवण्याची सवय मात्र सुटता सुटत नाही. तिने लाभ वाढत नाही, औषधांना दाद न देणारे जंतू वाढतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास ते शस्त्रक्रियेपूर्वीच सांगणे आवश्यक आहे.

नैसर्गिक प्रसूतीतही असा उपाय तपासण्यात आला आहे. बेळगाव आणि नागपूर ही केंद्रे असलेल्या सात देशांतील चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ॲझिथ्रोमायसिनच्या एका मात्रेने मातांमधील सेप्सिस वा मृत्यूचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. नवजात बालकांना मात्र तसा लाभ दिसला नाही.