पैसा होता, पण दुकान नव्हतं

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार म्हटल्यावर आम्हांस सांगण्यात आलं, "बाजाराविषयी, दुकानांविषयी काहीतरी लिहा." आधी वाटलं, दुकानात काय इतिहास असणार! कुणी दुकान काढतो, चालत नाही, बंद करतो. पण जुनी माणसं बोलायला लागली की ध्यानात येतं, आपल्या समाजाचा कितीतरी इतिहास दुकानाच्या पायरीवरच घडलेला आहे.

आपलं नांदूरघाट, केज तालुका, सगळा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या वेळी इकडे हाली रुपया चालायचा. इंग्रजी मुलखातला तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा साधारण हिशोब. हाली नाणं १९५९ साली कायमचं बंद झालं. पण नाणं हाली असो की कलदार, ते आपल्या माणसाच्या हातातून दुकानदाराच्या हातात पडत नव्हतं. ओट्याखाली उभं राहायचं, पैसा लांबून टाकायचा. दुकानदार त्यावर पाणी शिंपडून उचलणार आणि मीठ-मिरची वरून पदरात सोडणार. तराजूजवळच जाता येत नव्हतं, तर माप खरं की खोटं हे कोण बघणार? विटाळ दुकानदाराला, आणि तोटा मात्र आपल्याला!

ही गोष्ट एका गावाची नव्हती. साताऱ्याला न्हावी पुष्कळ होते, बाबासाहेबांच्या घरात त्यांना द्यायला पैसेही होते. तरी लहानपणी त्यांचे केस थोरली बहीण कापायची. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेलं आहे. पुढे १९१७ साली ते परदेशातून शिकून आले, बडोद्याची नोकरी सोडावी लागली, तेव्हा मुंबईत त्यांनी शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली. काम बरं चाललं होतं. सल्ला देणारा कोणत्या जातीचा हे कळलं आणि गिऱ्हाईक यायचं थांबलं. पेढी बंद झाली. धनंजय कीर यांच्या चरित्रात ही हकिगत आहे. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाचं दुकान चाललं नाही, तिथे खेड्यातल्या आपल्या माणसाचं काय चालणार होतं!

दुकान हे शस्त्रही होतं. मुंबई सरकारने १९२८ साली स्टार्ट समिती नेमली, बाबासाहेब तिचे सभासद होते. आपल्या लोकांनी हक्क मागितला की गाव काय करतं, हे १९३० च्या अहवालात नमूद आहे. वाट बंद, काम बंद, आणि वाण्याकडचं सामानही बंद. म्हणूनच राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानांचा आणि हॉटेलांचा उल्लेख नाव घेऊन आला. पुष्कळांना वाटतं, घटनेत मोठ्या मोठ्या गोष्टीच असतात. तसं नाही, चहाचं हॉटेल आणि किराणा दुकानसुद्धा आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने दुकानात येऊ न देणं आणि माल नाकारणं हा गुन्हा ठरला. तरी चहाच्या टपरीवर आपल्यासाठी वेगळी कपबशी पुढेही कितीतरी वर्षं राहिली, आणि ती आपणच धुवून ठेवायची.

आता एक धंदा आपण होऊन बंद केला, त्याबद्दल सांगितलं पाहिजे. मेलेलं जनावर ओढायचं, त्याचं कातडं-शिंग विकायचं. धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी याच हिशोबाला उत्तर दिलं. हे काम सोडल्याने वर्षाला पाचशे रुपयांचं उत्पन्न बुडतं, असं 'केसरी'त लिहून आलं होतं. एवढा फायदा असेल तर तुम्हीच तो घ्या, असं त्यांचं सांगणं होतं. ऐकायला सोपं वाटतं. पण घरात दुसरी कमाई नसताना तो धंदा टाकणाऱ्या आपल्या आजा-पणज्यांनी पोटाला चिमटा काढला, हे विसरू नये.

पुढे १९७२ चा दुष्काळ. लाल मिलो आणि सुकडी न खाल्लेलं त्या वयाचं माणूस इकडे सापडणं कठीण. रेशनचं दुकान तेव्हा पोटाचा आधार झालं. त्याची एक गोष्ट निराळी होती. तिथे कार्ड आणि रांग असायची. रांगेतही कुरकुर व्हायची, पण कार्डावर जेवढं लिहिलंय तेवढं द्यावंच लागायचं.

१९७८ साल मात्र दोन तोंडांचं. जुलैमध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं जळाली. बहिष्काराचं जुनं हत्यार पुन्हा निघालं. आणि त्याच वर्षी मागासवर्गीयांना धंद्यासाठी कर्ज मिळावं म्हणून महात्मा फुले महामंडळ स्थापन झालं. महामंडळाचे फॉर्म, जामीनदार, हेलपाटे यांवर वेगळा लेख होईल. पण शिलाई मशीन, पिठाची गिरणी, किराणा हे शब्द आपल्या घरांत बोलले जाऊ लागले. त्यातली किती दुकानं वर्षभरात मोडली! आमचं मत असं, की ती आळसाने मोडली नाहीत. भांडवल तोकडं, उधारी घरच्यांचीच, आणि गाळा मिळाला तरी बाजाराच्या मागच्या बाजूला. पुढच्या रस्त्यावरचा गाळा द्यायच्या आधी आडनाव विचारलं जायचं.

एक बाजार आपला आपण उभा केला. ६ डिसेंबरला दादरला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला पुस्तकं, तसबिरी, कॅलेंडरं, मूर्ती, गाण्यांच्या कॅसेटी, पुढे सीडी, यांचे स्टॉल लागतात. सरकारने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड घ्यायला लोक तासन् तास रांगेत उभे राहतात. इथे विकणारा आपला, घेणारा आपला, आणि पैसा हातातून हातात जातो. पुण्यात २००५ साली मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची चेंबर, म्हणजे डिक्की, स्थापन केली. ती मोठ्या उद्योगांची गोष्ट. आमच्या डोळ्यांपुढे मात्र तो स्टॉलवरचा पोरगाच येतो, चादरीवर पुस्तकं मांडून बसलेला.

आता मोबाइलवरून माल घरी येतो, पैसे न शिवता जातात. विकत घ्यायला आपल्याला कुणी अडवत नाही म्हटलं तरी चालेल. विकायला बसणारे आपल्यात किती, ते ज्याने त्याने आपापल्या बाजारपेठेत एक फेरी मारून मोजावं. आणि ज्यांच्या घरी बंद पडलेल्या दुकानाची उधारीची वही, परवाना किंवा पाटी अजून असेल, त्यांनी ती रद्दीत न देता विहारात आणून द्यावी.