बारा व्होल्टांचे कुंपण

कारमध्ये नंतर बसवायच्या ॲम्प्लिफायरचे खालचे झाकण काढून आत पाहावे. ॲल्युमिनियमच्या भिंतीला टेकून काळ्या मॉस्फेटची रांग उभी असते आणि मध्यभागी एक कडे असते. फेराइटच्या त्या कड्यावर तांब्याची जाड तार घट्ट गुंडाळलेली दिसते. कड्याच्या एका बाजूच्या कपॅसिटरवर १६ व्होल्ट छापलेले असते आणि पलीकडच्या कपॅसिटरवर ३५, ५०, कधी ६३. आवाज मोठा करणारे उरलेले सर्किट घरातल्या ॲम्प्लिफायरसारखेच असते. गाडीतल्या ॲम्प्लिफायरचे कूळ शोधायचे तर या कड्याचे मूळ शोधावे लागते.

कडे लागते कशाला, ते आधी पाहू. इंजिन चालू असताना गाडीच्या बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट मिळतात आणि कारचा स्पीकर बहुधा ४ ओहमचा असतो. एवढ्या भांडवलावर साधे सर्किट त्या स्पीकरला जेमतेम साडेसहा वॉट देते. स्पीकरची दोन्ही टोके एकमेकांच्या उलट ढकलणारे ‘ब्रिज’ सर्किट लावले तर ताकद चौपट होते, म्हणजे कागदावर २६ वॉट आणि प्रत्यक्षात १८ ते २०. डॅशबोर्डमधल्या डेकच्या पट्टीवर ‘५० वॉट x ४’ असे लिहिलेले असते तो टोकाचा, क्षणापुरता आकडा असतो. सलग गाणे वाजताना तेवढे वॉट बाहेर येत नाहीत, कारण व्होल्ट तेवढेच आहेत आणि ओहमही तेवढेच.

घरच्या सेडानमध्ये २० वॉट पुरतात. छप्पर उघडून हमरस्त्यावर निघालेल्या दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये पुरत नाहीत. टायरची घरघर, वारा आणि एग्झॉस्ट यांचा बराचसा गोंगाट खालच्या पट्टीत असतो, म्हणून आधी डग्ग्याचा घुमारा बुडतो, मग बास गिटार, आणि शेवटी गाण्याचा नुसता वरचा कडकडाट उरतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा कानाला वाटायला ताकद सुमारे दसपट लागते. २० वरून २०० वॉटवर जायचे असेल तर बॅटरीचे कुंपण ओलांडायलाच हवे.

ते पहिल्यांदा ओलांडले गेले ते मोठ्या आवाजासाठी नव्हे. १९३० साली शिकागोच्या पॉल आणि जोसेफ गॅल्विन या भावांनी आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला. बिल लिअर आणि एल्मर वेव्हरिंग हे त्यांचे सोबती. पॉल गॅल्विन ती गाडी चालवत अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांच्या मेळाव्याला गेले आणि गाडी बाहेर लावून रेडिओ मोठ्याने लावून ठेवला. त्यातूनच मोटोरोला ५टी७१ हा बाजारात खपलेला कार रेडिओ उभा राहिला. त्या काळची एक गोष्ट सांगितली जाते: कर्ज मिळावे म्हणून गॅल्विन यांनी एका बँकवाल्याच्या पॅकार्डमध्ये रेडिओ बसवून दिला आणि थोड्याच वेळात त्या गाडीने पेट घेतला. आज ॲम्प्लिफायरच्या वायरवर बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज घालतात तो याच भीतीने. तो फ्यूज ॲम्प्लिफायरला वाचवण्यासाठी नसतो. पत्र्याला घासून वायर उघडी पडली तर तिचे निखाऱ्यात रूपांतर होऊ नये, एवढेच त्याचे काम. म्हणून तो ॲम्प्लिफायरपाशी घालून भागत नाही.

त्या रेडिओत व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्हची वात गाडीच्या ६ व्होल्टवर पेटत असे, पण त्याच्या प्लेटला दीड-दोनशे व्होल्ट लागत. सुरुवातीला त्यासाठी गाडीच्या फळीखाली वेगळ्या कोरड्या बॅटऱ्या ठेवत. त्या उतरल्या की नव्या आणायच्या. ही कटकट संपवली व्हायब्रेटरने. त्याची घडण अगदी साधी होती. पत्र्याच्या डबीत पोलादाची एक बारीक पट्टी, शेजारी विद्युतचुंबक आणि दोन्ही अंगांना संपर्काचे पॉइंट. पट्टी सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा इकडून तिकडे थरथरते आणि बॅटरीचा सरळ प्रवाह तोडून तोडून आळीपाळीने उलटवते. असा तुकड्यातुकड्यांचा प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून चढवता येतो आणि पुन्हा सरळ केला की ६ चे २०० व्होल्ट होतात. मॅलरी कंपनीने असे व्हायब्रेटर मोठ्या प्रमाणावर बनवले. पुढे ड्युरासेलचा सेल याच घराण्यातून आला. रेडिओ लावला की आधी व्हायब्रेटरची गुणगुण ऐकू यायची, मग व्हॉल्व्ह तापायचे आणि त्यानंतर स्टेशन. पॉइंट जळले की डबी उपटून दुसरी खोचायची.

तोडा, चढवा, सरळ करा: ॲम्प्लिफायरमधले ते कडे आजही हेच करते. म्हणून या वस्तूचा मूळपुरुष मी रेडिओला मानत नाही, व्हायब्रेटरला मानतो.

स्पोर्ट्स कार या कथेत येते ती १९५३ च्या शेव्हरले कॉर्व्हेटबरोबर, आणि येताना स्वतःच्या अडचणी घेऊन येते. तिची बॉडी फायबरग्लासची. लोखंडी पत्रा इंजिनाच्या ठिणग्यांचा विद्युत गोंगाट आतल्या आत कोंडून ठेवतो, पण फायबरग्लासमधून तो आरपार जातो आणि स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी रेडिओत ‘कर्र’ करून वाजते. म्हणून रेडिओ असलेल्या कॉर्व्हेटमध्ये डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरींवर धातूची आवरणे घालावी लागत. जुन्या कॉर्व्हेट सजवणारे लोक ती चकचकीत आवरणे आज हौसेने शोधतात. याच फायबरग्लासचा फायदाही घेतला गेला: पहिल्या वर्षांच्या गाड्यांत अँटेना चक्क डिकीच्या झाकणाच्या आत जाळीच्या रूपात लपवली होती. पुढे १९६७ ची एल८८ कॉर्व्हेट शर्यतीसाठी निघाली तेव्हा तिला रेडिओच मिळत नसे. गाणे हवे की वेग, हा स्पोर्ट्स कारमधला जुना तंटा आहे, आणि डिकीत ॲम्प्लिफायरचा चार-पाच किलोचा डबा बसवताना तो आजही मनात उठतो.

१९५० च्या दशकात दोन गोष्टी घडल्या. अमेरिकी गाड्या ६ वरून १२ व्होल्टवर गेल्या. कॉर्व्हेटला १९५५ च्या व्ही-८ इंजिनाबरोबर १२ व्होल्ट मिळाले. त्याच वर्षी क्रायस्लर आणि फिल्को यांनी फक्त ट्रान्झिस्टरवर चालणारा कार रेडिओ आणला. ट्रान्झिस्टरला दोनशे व्होल्ट नकोतच, बॅटरीचे १२ पुरतात. थरथरणारी पट्टी, ट्रान्सफॉर्मर, गुणगुण, सगळे अडगळीत गेले आणि व्हायब्रेटरचा वंश खुंटला. पण व्हायब्रेटरबरोबर चढते व्होल्टही गेले होते. कार रेडिओ स्वस्त, लहान, टिकाऊ झाला आणि काही वॉटांवर अडकून पडला.

ते अडकणे खटकू लागले १९७० च्या दशकात. कॅसेट गाडीत आली होती, घरी मोठे स्टिरिओ आले होते आणि घरचा आवाज गाडीत का नाही, हा प्रश्न तरुणांना पडू लागला होता. ॲरिझोनातल्या फिनिक्सचे जिम फॉसगेट यांनी १९७३ साली पीआर-७ हा ॲम्प्लिफायर तयार केला. मोठ्या ताकदीच्या कार ॲम्प्लिफायरची वंशावळ सहसा तिथून सांगतात. (याच फॉसगेट यांनी पुढे सराउंड आवाजाच्या क्षेत्रात डॉल्बी प्रो लॉजिक २ घडवले.) त्या दशकात आणि त्यानंतर रुळलेली रीत अशी: बॅटरीचा प्रवाह ट्रान्झिस्टरने, नंतर मॉस्फेटने, सेकंदाला हजारो वेळा तोडायचा, कड्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून चढवायचा आणि सरळ करून अधिक-उणे ३० व्होल्टसारखे दोन पुरवठे मिळवायचे. ३० व्होल्टवर तेच ४ ओहम ११२ वॉट घेतात. तोडण्याचा वेग वाढला की ट्रान्सफॉर्मर लहान होतो, म्हणून व्हायब्रेटरच्या काळातल्या लोखंडी ठोकळ्याच्या जागी हे तळहातात मावणारे कडे आले. शिवाय एवढ्या वेगाची गुणगुण माणसाच्या कानाच्या पलीकडे जाते. खुंटलेला वंश असा वीस वर्षांनी पुन्हा फुटला.

व्होल्ट न चढवता कुंपण ओलांडायची आणखी एक वाट होती: स्पीकरचे ओहम उतरवायचे. १ ओहमचा स्पीकर त्याच १४.४ व्होल्टवर ब्रिज सर्किटातून कागदावर शंभर वॉट घेतो. अमर बोस यांच्या कंपनीने कारखान्यातच बसवायच्या कार ध्वनियंत्रणांसाठी कमी ओहमचे स्पीकर पुष्कळ वापरले. बोस जन्माने अमेरिकी होते; त्यांचे वडील ब्रिटिशांच्या कचाट्यातून निसटून अमेरिकेत गेलेले बंगाली क्रांतिकारक. १९८४ च्या नव्या कॉर्व्हेटसाठी बोस यंत्रणा मिळू लागली, तीत प्रत्येक स्पीकरच्या पेटीलाच स्वतःचा ॲम्प्लिफायर जोडलेला होता. गाडीच्या आतला आकार मोजून, काच कुठे आणि गादी कुठे ते धरून आवाज बेतण्याची ती सुरुवातीची मोठी उदाहरणे. यंत्रणा उत्तम होती, पण अशा गाडीत आज बाहेरचा डेक आणि ॲम्प्लिफायर बसवणाऱ्याने वायर कापण्याआधी स्पीकर किती ओहमचा आहे ते मीटर लावून पाहावेच. ४ ओहम गृहीत धरून जोडलेला ॲम्प्लिफायर १ ओहमवर पहिल्याच संध्याकाळी जळू शकतो.

कमी ओहमची हीच वाट अमेरिकेतल्या कार ऑडिओ स्पर्धांनी टोकाला नेली. स्पर्धेत गट पडत ॲम्प्लिफायरच्या छापील वॉटवर. मग ओरायन २२५ एचसीसीएसारखे ॲम्प्लिफायर निघाले. ४ ओहमवर छापील आकडा फक्त २५ वॉट x २, पण अर्ध्या ओहमवर जोडले तर कित्येक पट. नियमात बसून नियमाच्या पलीकडे जाणारी ही बनावट आजही जुन्या ऑडिओवाल्यांत आदराने आठवली जाते, आणि तो आदर रास्त आहे. अर्ध्या ओहमवर न जळणारा ॲम्प्लिफायर बनवायला पुरवठाही तेवढाच दणकट लागतो.

ॲम्प्लिफायर बसवायला मला सर्वांत आवडणारी स्पोर्ट्स कार म्हणजे पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५. १९८९ च्या फेब्रुवारीत ती शिकागोच्याच मोटार प्रदर्शनात जगासमोर आली. छप्पर कापडी, वजन हजार किलोच्या आत. उघड्या गाडीतला आवाज वाऱ्यात उडून जातो म्हणून तिच्या आसनांच्या उशांतही स्पीकर मिळत. आणि वजन पुढे-मागे सारखे वाटले जावे म्हणून तिची बॅटरी डिकीत ठेवलेली. एरवी बॉनेटखालून, फायरवॉलच्या रबरातून, गालिच्याखालून पाच मीटर जाड वायर ओढत आणावी लागते. ५० ॲम्पिअर वाहताना आठ गेजची एवढी वायर अर्धा व्होल्ट वाटेतच खाते, म्हणून त्याहून जाड, चार गेजची घ्यावी लागते. या गाडीत बॅटरी आणि ॲम्प्लिफायर एकाच डिकीत शेजारी बसतात.

अर्थिंगचेही तसेच. पोलादी गाडीत रंग खरवडून उघड्या पत्र्यावर आखूड वायर बोल्टने आवळतात. कॉर्व्हेटच्या फायबरग्लासला अर्थ लागत नाही, तिथे चॅसिसचे लोखंड गाठावे लागते. एमएक्स-५ मध्ये अर्थ थेट बॅटरीच्या ऋण टोकाजवळ देता येतो. अर्थ चुकला तर शिक्षा लगेच ऐकू येते. डेकचा अर्थ एकीकडे आणि ॲम्प्लिफायरचा दुसरीकडे, दोघांत थोडा व्होल्टचा फरक, आणि मध्ये सिग्नलच्या केबलची जाळी. गाडीची वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरची लहर त्या जाळीतून वाहते आणि ‘कुईंऽऽ’ असा सूर लागतो. पेडल दाबले की तो इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढतो. सात हजार फेऱ्यांच्या आसपास जाणाऱ्या इंजिनात तो कानाला टोचतो.

सिग्नलची ती केबल म्हणजे आरसीएची. रेडिओला फोनोग्राफ जोडण्यासाठी निघालेली जुनी घडण. ॲम्प्लिफायरला ‘जागा हो’ सांगणारी निळी, पांढऱ्या रेघेची बारीक वायर मोटरवर वर-खाली होणाऱ्या अँटेनाच्या वायरीची धाकटी बहीण. डेक चालू झाला की अँटेना वर चढवण्यासाठी एक वायर १२ व्होल्ट देत असे. तीच ॲम्प्लिफायरला जोडू लागले आणि पुढे तिला वेगळी जोडीदार मिळाली. अँटेना काचेत गेली, तरी निळी वायर राहिली.

छोट्या स्पोर्ट्स कारचा अल्टरनेटरही बेताचाच, म्हणून शेवटचा विचार त्याचा. ४०० वॉट देणारा जुन्या एबी वर्गाचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात ५० ॲम्पिअरच्या पुढे मागतो, कारण जवळजवळ निम्मी वीज उष्णतेत जाते. डी वर्गाचा ॲम्प्लिफायर तेवढ्याच वॉटसाठी ३५ च्या आसपास मागतो. त्यात नुसता पुरवठाच नाही, संगीतही तुकडे पाडून चढवले जाते आणि शेवटी कॉइलने गुळगुळीत केले जाते. व्हायब्रेटरची युक्ती तिथे पुरवठ्यातून गाण्यात शिरलेली आहे.

आणि आता खुद्द गाडीचेच व्होल्ट बदलू लागले आहेत. २०२३ मध्ये ग्राहकांच्या हाती आलेल्या टेस्ला सायबरट्रकमध्ये दिवे, मोटारी यांसारख्या कामांचा पुरवठा १२ ऐवजी ४८ व्होल्टचा आहे. ४८ व्होल्टवर ब्रिज सर्किट ४ ओहमच्या स्पीकरला कागदावर २८८ वॉट देते, मध्ये कडे न घालता.