वाटणी झाली, पण जमीन टिकली का? शिलोच्या चिठ्ठ्या आणि इंदापूरची मोजणी

आजच्या भागात नावं जरा जास्त येणार आहेत, तेव्हा बसमध्ये ऐकत असाल तर आवाज थोडा वाढवा.

विषय आहे जमिनीच्या वाटणीचा. एक वाटणी बायबलमधली, इस्राएलच्या बारा वंशांची. दुसरी आपल्या इंदापूर तालुक्यातली, १८३६ सालची. मी कळसचा. बांधावरून भाऊ भावाशी बोलत नाही, हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही. म्हणूनच असेल, पण बायबलमधलं यहोशवाचं पुस्तक हातात घेतलं तेव्हा लढायांची पानं मी भराभर उलटली आणि तेराव्या अध्यायापाशी थांबलो. बरेच वाचक नेमके तिथं कंटाळतात. पुढचे आठ-नऊ अध्याय नुसत्या याद्या आहेत: अमुक शीव ओढ्यापर्यंत, तिथून टेकडीला वळसा घालून तमुक गावापर्यंत. मला वाटलं, अरे, हे तर तलाठ्याचं दप्तर!

थोडी पार्श्वभूमी. इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटले, चाळीस वर्षं रानात भटकले आणि यार्देन नदी ओलांडून कनान देशात आले. देवाने त्यांच्या पूर्वजांना कबूल केलेला हा देश, म्हणून त्याला वचनदत्त देश म्हणतात. तो रिकामा मात्र नव्हता. तिथं आधीपासून लोक राहत होते, आणि त्याच पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात हरवलेल्या ३१ राजांची यादी दिली आहे. ही गोष्ट सांगताना ती यादी वगळू नये असं मला वाटतं. आणि शिवांच्या या याद्या पुढच्या राजांच्या काळात लिहून काढल्या असाव्यात असं अनेक अभ्यासक मानतात.

तर वाटणी कशी झाली? अडीच वंशांनी यार्देनच्या पूर्वेलाच जमीन मागून घेतली होती. पश्चिमेला यहूदा आणि योसेफाच्या वंशजांना आधी वाटे मिळाले. सात वंश राहिले. तेव्हा यहोशवाने प्रत्येक वंशातून तीन-तीन माणसं निवडली, म्हणजे एकूण २१, आणि त्यांना देश पायी फिरून पाहायला पाठवलं. त्यांनी गावागणिक वर्णन लिहून सात भाग पाडले. मगच शिलो इथं चिठ्ठ्या टाकल्या. आधी मोजणी, मग चिठ्ठी. वंश मोठा तर वाटा मोठा, लहान तर लहान, पण कुठला वाटा कुणाचा हे चिठ्ठीवर. आमच्याकडेही थोरला वाटे पाडतो आणि घरातलं सगळ्यात लहान पोर तांब्यातून चिठ्ठी काढतं. त्यामुळे 'विहिरीकडचा तुकडा त्यालाच कसा?' असं म्हणायची सोय राहत नाही. म्हणणारे तरीही म्हणतातच. योसेफाचे वंशजही कुरकुरले, आम्ही एवढे जण आणि वाटा एवढासाच! यहोशवा म्हणाला, लोक एवढे आहात तर डोंगरावरचं रान तोडा आणि जमीन करा. आणि स्वतः यहोशवाने आपलं गाव सगळ्यांचं झाल्यावर, शेवटी घेतलं.

मराठी बायबलमध्ये या वाट्याला शब्द आहे 'वतन'. आपल्याला पाटीलकीचं वतन, कुलकर्णी वतन, महार वतन माहीत असतं. आपल्याकडचं वतन गावच्या किंवा सरकारच्या चाकरीशी बांधलेलं होतं. तिथलं वतन मात्र कुळाचं, पिढ्यान्‌पिढ्या टिकवायचं. आणि लेवी नावाच्या एका वंशाला तर शेतजमीन मिळालीच नाही, कारण देवाची सेवा हेच त्यांचं वतन. त्यांना इतर वंशांच्या हद्दीत मिळून ४८ नगरं आणि त्या नगरांभोवतीची कुरणं मिळाली. ती कुरणं विकायची नाहीत, असा स्पष्ट नियम लेवीयच्या पुस्तकात आहे. आमच्या बाजूला कडबनवाडीच्या माळावर चिंकारा दिसतात, मेंढरं चरतात. गवताळ माळाला 'पडीक' म्हणणाऱ्यांना हा नियम एकदा वाचून दाखवायला हवा.

आता सलाफहादच्या मुली. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप वारलेला, भाऊ नाही. पाचही जणी मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसायचं? त्यांचं म्हणणं बरोबर ठरलं आणि कायदा झाला. पुढं एक अट आली, की लग्न आपल्याच वंशात करायचं, म्हणजे जमीन दुसऱ्या वंशाकडे जाणार नाही. पण खरी गंमत पुढं आहे. मोशेच्या काळात निकाल लागला तरी वाटणीच्या वेळी त्यांना पुन्हा यहोशवासमोर येऊन तो निकाल आठवून द्यावा लागला, तेव्हा कुठं वाटा पदरात पडला. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क देणारी दुरुस्ती १९९४ मध्ये झाली, देशभर २००५ मध्ये. आणि आमच्या घरच्या जुन्या फेरफारात आत्यांची नावं हक्कसोडीच्या एका ओळीत निघून गेलेली आहेत. बदल्यात काय, तर दिवाळीची साडी.

या सगळ्यात मला सर्वात मोठा वाटतो तो योबेल वर्षाचा नियम. सात वेळा सात वर्षं झाली की पन्नासावं वर्ष योबेलाचं. मधल्या काळात अडचणीपायी कुणी जमीन विकली असेल, तर त्या वर्षी ती मूळ कुळाकडे परत. म्हणजे विकली जायची ती जमीन नव्हेच, उरलेल्या वर्षांची पिकं. कारण जमिनीचा मालक देव, माणसं तिथं पाहुणी. हा नियम प्रत्यक्षात किती पाळला गेला यावर अभ्यासकांत वाद आहे. पण त्यामागची भावना जिवंत होती. अहाब राजाने नाबोथाचा द्राक्षमळा मागितला, बदल्यात चांगला मळा किंवा पैसे देऊ केले, तर नाबोथ म्हणाला, वाडवडलांचं वतन देणार नाही. खोट्या साक्षी उभ्या करून त्याला दगडांनी मारलं, तेव्हाच मळा राजाच्या हाती आला.

आता चला इंदापूरला. पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारचा पुण्यातला अधिकारी प्रिंगल याने इथल्या जमिनी मोजून सारा ठरवला. हिशेब पुस्तकी, मोजणी चुकीची, त्यात लाचखोरी. सारा झेपेना, लोक गावं सोडून गेले, शेतं ओस पडली. मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी फेरमोजणी केली आणि १८३६ मध्ये कमी केलेला सारा ३० वर्षांसाठी कायम केला. मुंबई इलाख्यात पुढं पसरलेल्या सर्व्हे पद्धतीची ही सुरुवात, आपल्या तालुक्यात! सर्व्हे नंबर, हद्दीचे दगड, मातीची खोली आणि पोत पाहून आण्यांत ठरवलेली प्रत, हे सगळं त्यातलंच. ३३ फुटांची साखळी लांबीला एकदा, रुंदीला एकदा टाकली की एक गुंठा. आज प्लॉटच्या जाहिरातीत तुम्ही गुंठा वाचता तो हाच. हिब्रूत 'हेवेल' म्हणजे दोरी, आणि त्याच शब्दाचा अर्थ जमिनीचा वाटाही होतो.

विंगेटची मोजणी आधीच्यापेक्षा कितीतरी न्याय्य होती, हे मान्यच करायला हवं. पडीक रानं पुन्हा पिकाखाली आली. पण शेतकऱ्याच्या नावावर पक्की झालेली जमीन आता गहाण ठेवता येत होती, विकता येत होती आणि कोर्टामार्फत जप्तही होत होती. योबेल वर्ष काही येणार नव्हतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते ६५ मध्ये कापसाचे भाव चढले, कर्ज सहज मिळालं, मग भाव कोसळले. त्यातच ३० वर्षांची मुदत संपून फेरआकारणी झाली आणि सारा इतका वाढला, की १८७४ मध्ये सरकारलाच वाढीवर मर्यादा घालावी लागली: तालुक्याला ३३ टक्के, गावाला ६६, एका खातेदाराला १००. मर्यादाच १०० टक्के, विचार करा!

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. त्यांना हव्या होत्या वह्या आणि कर्जरोखे. कागद जाळले गेले आणि हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पोचलं. चौकशी आयोग बसला, आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कोर्टाला रोख्याच्या मागचा खरा व्यवहार तपासायची मुभा दिली. स्पष्ट गहाण लिहून दिली नसेल, तर साध्या कर्जापोटी शेतकऱ्याची जमीन विकता येणार नाही, असंही ठरलं. सुप्याच्या आगीनंतर चार वर्षांनी.

दंगा आणि हा कायदा यांच्या मधल्या काळात, १८७६-७७ मध्ये, मोठा दुष्काळ पडला, आणि त्यातूनच नीरा डाव्या कालव्याचं काम पुढं आलं. पाण्याच्या वाटणीची ती गोष्ट पुढच्या भागात. तोवर घरात जुनं वाटणीपत्र किंवा मोडीतला कागद असेल, तर त्याचा फोटो काढून ठेवा. भेटू.