खोडदच्या डिश आणि अरुंद खाच

लॅपटॉप जुना झाला असे आपण म्हणतो तेव्हा त्यातले सगळे काही जुने झालेले नसते. पडदा दिसतो, की-बोर्ड चालतो, प्रोसेसर रोजच्या कामाला पुरतो. अडते ते बहुतेक वेळा कडेच्या पोर्टपाशी. २००८-०९ च्या सुमारास घेतलेल्या लॅपटॉपला यूएसबी २.० असायचे. कागदावर त्याचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात बाहेरच्या डिस्कशी देवाणघेवाण साधारण तीस मेगाबाइटची. शंभर गिगाबाइटचा साठा उतरवायला तासभर लागायचा. २००८ च्या नोव्हेंबरात यूएसबी ३.० चे मानक आले आणि पोर्टचा वेग एकदम दहापट झाला. अनेक जुन्या लॅपटॉपांच्या कडेला एक्स्प्रेसकार्डाची खाच होती, तिच्यात दोन नव्या पोर्टचे कार्ड सरकवायचे की काम झाले, असे दुकानदार सांगत. ते अर्धे खरे होते. एक्स्प्रेसकार्डाच्या खाचेमागे पीसीआय एक्स्प्रेसचा एकच पदर असतो आणि पहिल्या पिढीत त्यातून सेकंदाला जास्तीत जास्त २५० मेगाबाइट जातात. यूएसबी ३.० ला याच्या दुप्पट वाट हवी. शिवाय खाचेतून ३.३ आणि १.५ व्होल्टची वीज मिळते, यूएसबीला लागते ५ व्होल्टची. म्हणून अशा कार्डांना वरून वीज द्यायला बारीक सॉकेट ठेवलेले असे. तरीही फिरत्या डिस्कला शंभरेक मेगाबाइटच झेपत, त्यामुळे अर्ध्या वाटेचे कार्डही तासाचे काम पाव तासावर आणी. अडथळा नाहीसा झाला नाही. तो पोर्टवरून निघून डिस्कवर जाऊन बसला, आणि तिथे तो परवडण्यासारखा होता.

जुन्या यंत्राला नवी दारे बसवण्याचा हाच व्यवहार जुन्नर तालुक्यात फार मोठ्या आकारात झालेला आहे. नारायणगावच्या पूर्वेला, खोडदच्या माळावर उभी असलेली जीएमआरटी ही महाकाय मीटरलहर रेडिओ दुर्बीण २०१० च्या दशकात नव्याने सजवली गेली, तेव्हा तिच्या ४५ मीटर व्यासाच्या तीसही डिश जागच्या जागी राहिल्या आणि बदलली ती त्यांच्यामागची वाट. या इतिहासातून एक गोष्ट ठामपणे मांडता येते. जुने यंत्र वाढवता येईल की नाही, हे नव्या कार्डावर ठरत नाही. मूळ बांधणाऱ्याने कोणती गोष्ट कायमची केली आणि कोणती सुटी ठेवली, यावर ते ठरते.

जीएमआरटीचे मूळ बांधणारे डॉ. गोविंद स्वरूप यांना जुन्या सामानाचे वावडे कधीच नव्हते. ऑस्ट्रेलियातल्या पॉट्स हिल इथे वापरून झालेल्या, सहा फूट व्यासाच्या ३२ डिश त्यांना मिळाल्या आणि १९६५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईजवळ कल्याणला त्यांचीच दुर्बीण उभारून सूर्याचे वेध घेतले. दुसऱ्याने बाजूला ठेवलेले सांगाडे आणि त्यांच्यामागे आपले नवे सर्किट. पुढे १९७० मध्ये उटीची लांबलचक दुर्बीण झाली आणि ऐंशीच्या दशकात मीटरलहरींच्या मोठ्या दुर्बिणीची कल्पना पुढे आली. जागा निवडताना रेडिओ गोंगाट कमी असणे, भोवती डोंगरांची आडकाठी असणे, दक्षिणेच्या आकाशाचाही बराच भाग दिसणे आणि पुणे हाकेच्या अंतरावर असणे, हे सगळे पाहिले गेले. खोडदला ते जुळले. चौदा डिश मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरात आणि उरलेल्या सोळा तीन भुजांवर, त्यांतली एक भुजा दक्षिणेला आंबेगावकडे गेलेली. दोन टोकांच्या डिशमधले अंतर २५ किलोमीटरपर्यंत जाते. नव्वदच्या दशकात बांधकाम झाले, २००२ पासून जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना ती वापरायला मिळू लागली.

पैसा कुठे घातला, ते पाहण्यासारखे आहे. ४५ मीटरची डिश भरीव पत्र्याची केली असती तर तिचे वजन आणि तिच्यावरचा वारा या दोहोंनी अंदाजपत्रक बुडवले असते. स्वरूप यांच्या चमूने स्टेनलेस स्टीलच्या, अर्धा मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तारेची जाळी दोरांच्या कैच्यांवर ताणून बसवली. मधल्या भागात जाळीचे घर १० मिलिमीटरचे, बाहेरच्या कडेला २० मिलिमीटरचे. वारा आरपार जातो, पण मीटरभर लांबीच्या लाटेला ती जाळी आरशासारखीच. सांगाडा असा स्वस्त आणि टिकाऊ झाला. नाभीपाशी मात्र एक फिरता चौकोनी मनोरा बसवला, त्याच्या चार बाजूंना वेगवेगळ्या पट्ट्यांचे ग्राहक. कोणती बाजू डिशकडे वळवायची ते खालून ठरते. एक्स्प्रेसकार्डाची खाच लॅपटॉपला जे देते तेच या मनोऱ्याने दुर्बिणीला दिले.

सुरुवातीची वाट अरुंदच होती. १५०, २३३, ३२७, ६१० मेगाहर्ट्झ आणि १००० ते १४५० अशा पट्ट्या होत्या खऱ्या, पण कोणत्याही वेळी मध्यवर्ती इमारतीत पोचून मोजली जाणारी रुंदी होती फक्त ३२ मेगाहर्ट्झ. प्रत्येक डिशपाशी सिग्नल खालच्या वारंवारितेवर आणायचा, जमिनीत पुरलेल्या ऑप्टिकल फायबरमधून मध्यभागी धाडायचा आणि तिथे खास घडवलेल्या चिपांच्या यंत्राने प्रत्येक डिशची प्रत्येक डिशशी सांगड घालायची. ऐंशीच्या दशकाअखेरच्या तंत्राला याहून जास्त झेपणारे नव्हते. डिंभे धरण काठोकाठ भरलेले असले तरी शिवाराला पाणी मिळते ते कालव्याच्या तोंडाइतकेच, तशी ही गत होती.

पहिली मोठी दुरुस्ती २०१० च्या सुमाराची, आणि ती शब्दशः विस्तार कार्डांची आहे. खास चिपांचे यंत्र बाजूला करून बाजारात मिळणारे ४८ लिनक्स संगणक एकमेकांना जोडले गेले. सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणारी पीसीआय जातीची कार्डे त्यांच्या खाचांत बसली आणि सांगड घालण्याचे काम सॉफ्टवेअरकडे आले. रुंदी जवळपास तेवढीच राहिली, ३३ मेगाहर्ट्झ. मग काय साधले? हिशोब केला की दिसते. तीस डिश, प्रत्येकीचे दोन ध्रुवणांचे दोन सिग्नल, म्हणजे साठ. ३३.३ मेगाहर्ट्झ रुंदीचा सिग्नल नीट पकडायचा तर सेकंदाला ६.६७ कोटी नमुने घ्यावे लागतात. एका संगणकात चार सिग्नल घेतले आणि नमुना ८ बिटांचा ठेवला, तर सेकंदाला सुमारे २६७ मेगाबाइट होतात. साध्या ३२ बिटी पीसीआयची कमाल १३३, गिगाबिट इथरनेटच्या दोन तारा मिळून २५०. म्हणजे जुन्या धाटणीच्या खाचेत ते मावत नाही आणि दोन तारांतूनही थोडक्यात हुकते. इथे अभियंत्याला रुंदी आणि नमुन्याची बारकाई यांत तडजोड करावी लागते. नमुना ४ बिटांवर आणला की सगळे निम्म्यावर येते आणि वाट पुरते. वेग वाढला नाही, पण अडथळा कुठे आहे ते आता प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातात आले, आणि बाजारात वेगवान संगणक आला की तो बदलणे शक्य झाले. खास घडवलेल्या चिपेत ही सोय नव्हती. माझ्या मते जीएमआरटीच्या इतिहासातले खरे वळण हे आहे. पुढच्या अद्ययावतीकरणाचा गवगवा अधिक झाला, पण त्याचा पाया या ४८ संगणकांनी घातला.

त्यानंतरचे काम मनोऱ्यावर, फायबरमध्ये आणि मध्यवर्ती इमारतीत एकाच वेळी चालले. ३२७ च्या जागी २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा ग्राहक आला, ६१० च्या जागी ५५० ते ८५० चा, १५० च्या जागी सुमारे १२५ ते २५० चा. वरच्या पट्टीचा, १०५० ते १४५० चा, ग्राहक तोच ठेवून त्याची इलेक्ट्रॉनिक्स सुधारली. सिग्नल आता डिशपाशी खाली न उतरवता जसाच्या तसा, वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशावर स्वार होऊन फायबरमधून येऊ लागला. इमारतीत एफपीजीए बोर्ड आणि ग्राफिक्स कार्डांचे संगणक बसले आणि एका वेळची रुंदी ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झ झाली. साठ सिग्नल, प्रत्येकी सेकंदाला ऐंशी कोटी नमुने, नमुना एक बाइटचा धरला तर ४८ गिगाबाइट दर सेकंदाला. ग्राफिक्स कार्डही पीसीआय एक्स्प्रेसच्या खाचेतच बसते. फरक एवढाच की लॅपटॉपच्या कडेला या रस्त्याचा एक पदर आलेला असतो, इथे सोळा असतात. हे सगळे होत असताना जुनी व्यवस्था बंद केली नाही, निरीक्षणे चालूच राहिली.

रुंदीचा उपयोग काय झाला, याचे दोन दाखले पुरेत. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचे शियापरेली हे यान मंगळावर उतरत होते आणि ४०१ मेगाहर्ट्झवर बारीक आवाजात बोलत होते. पृथ्वीवर तो सिग्नल खोडदला ऐकला गेला आणि उतरण्याच्या काही क्षण आधी तो थांबल्याचेही इथेच कळले. ४०१ हा आकडा जुन्या पाचही पट्ट्यांच्या बाहेरचा, नव्या २५० ते ५०० च्या आतला. दुसरा दाखला २०२० चा. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आणि रामन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ७,६५३ आकाशगंगांचे सिग्नल एकत्र करून सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या हायड्रोजन वायूचे मोजमाप केले. इतक्या दुरून येताना हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची रेषा ताणली जाऊन ५८० ते ८१६ च्या दरम्यान येते. २३६ मेगाहर्ट्झचा हा पट्टा नव्या ग्राहकात एका दमात बसला. जुन्या ३२ च्या फटीतून तेवढेच आकाश बघायला आठ वेळा यंत्र लावावे लागले असते, आणि जुना ग्राहक त्या पूर्ण पट्ट्याला पुरला असता की नाही हा प्रश्न वेगळाच.

याला आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की बारापट रुंदी घेऊन संवेदनशीलता बारापट होत नाही. बरोबर आहे. ती रुंदीच्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे साडेबारा पटीचे जेमतेम साडेतीन. पण तेच साडेतीन डिश वाढवून मिळवायचे तर तीसच्या जागी शंभरावर डिश लागल्या असत्या, तेवढी जमीन, तेवढे लोखंड, तेवढे खंदक. वर्गमुळाचा सौदा म्हणूनच स्वस्त पडतो. दुसरा आक्षेप, त्यापेक्षा नवी दुर्बीण बांधावी. दक्षिण आफ्रिकेची मीरकॅट २०१८ मध्ये सुरू झाली. तिच्या ६४ डिश साडेतेरा मीटरच्या आहेत. भूमितीने पाहिले तर त्यांचे एकूण क्षेत्रफळ नऊ हजार चौरस मीटरच्या आसपास, खोडदच्या तीसांचे ४७ हजारांहून जास्त. मीरकॅटचे ग्राहक उत्तम आहेत, पण क्षेत्रफळ कार्डाने वाढत नाही. ते एकदा उभे केले की त्याच्यामागची वाट रुंदावत राहणे यातच शहाणपण आहे. तिसरा आक्षेप मात्र मला निम्मा मान्य आहे: चौकोनी मनोऱ्याच्या बाजू चारच. नवे आणायचे तर जुने काढावे लागते. ६१० आणि २३३ चे ग्राहक एकाच अक्षावर बसवलेले होते आणि एकाच वेळी दोन्हींवर निरीक्षण करता येत असे. तो एकत्र ग्राहक गेला आणि ती सोयही गेली.

चौथा आक्षेप तालुक्यातून येतो, वेधशाळेतून येत नाही. अरुंद फटीतून पाहणारी दुर्बीण शांत वारंवारिता शोधून तिथे बसू शकते. ४०० मेगाहर्ट्झ उघडणाऱ्या दुर्बिणीच्या पदरात टीव्ही, विमाने, वीजवाहिन्या, सगळ्यांचा गोंगाट पडतो. ८५० ते १०५० ही पट्टी नव्या रचनेत सोडूनच दिली आहे, कारण मोबाइलचे ९०० मेगाहर्ट्झ तिथेच आहेत. म्हणजे दार जितके रुंद, तितकी आसपासच्या शांततेची मागणी मोठी, आणि ती शांतता जुन्नर-आंबेगावच्या लोकांनी पुरवायची. या पट्ट्यात कारखान्याला, टॉवरला नाहरकत लागते. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेची नारायणगावमार्गे आखणीही जीएमआरटीच्याच मुद्द्यावर अडली. विज्ञानाने थांबायला हवे होते, असा याचा अर्थ मी घेत नाही. पण यंत्र सुधारण्याचा खर्च मांडताना ग्राफिक्स कार्डांची किंमत धरली जाते आणि ही किंमत धरली जात नाही, हे तिथल्या माणसाचे गाऱ्हाणे खरे आहे. इमारतीतल्या गणनयंत्रात गोंगाट ओळखून तिथल्या तिथे गाळण्याची सोय नव्या व्यवस्थेत आहे. ती जितकी सुधारेल तितका तालुक्यावरचा भार हलका होईल, आणि सॉफ्टवेअरकडे वळण्याचा २०१० चा निर्णय त्या दृष्टीनेही योग्य ठरतो.

२०२० मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने जीएमआरटीला मैलाच्या दगडाचा मान दिला. जगदीशचंद्र बोस आणि रामन यांच्या कामानंतर भारतातला हा तिसरा. पुढची कल्पना अशी आहे की मनोऱ्यावर एका ग्राहकाऐवजी ग्राहकांचा ताटवा बसवून एकाच वेळी आकाशाचा मोठा तुकडा पाहावा. त्यासाठी फायबर आणखी भरावे लागेल, गणनयंत्र आणखी वाढवावे लागेल, आणि चार बाजूंपैकी एक बाजू पुन्हा कुणाला तरी सोडावी लागेल. वरच्या टोकाला मात्र काही करता येण्यासारखे नाही. १४५० मेगाहर्ट्झला लाट वीस सेंटिमीटरची असते. त्याहून आखूड लाटांना २० मिलिमीटरची घरे भोकांसारखी दिसू लागतात आणि ताणलेल्या जाळीचे सपाट तुकडे गोलाईला उणे पडतात. ती मर्यादा तारेत विणलेली आहे, आणि स्वस्त सांगाड्याच्या त्या हिशोबात ती पहिल्या दिवसापासून धरलेली होती.