थंडीतली रस्त्यावरची शर्यत : बिदर-कलबुर्गीत गारठ्यापेक्षा अंधार आणि रस्ता सांभाळा

डिसेंबर लागला की सीमाभागात भल्या पहाटे रस्त्यावर पोरं धावताना दिसतात. कुणी 10 किंवा 21 किलोमीटरच्या शर्यतीसाठी, तर बरेच जण भरतीसाठी. आळंदचा मुलगा कर्नाटक पोलीस भरतीची तयारी करतो, उमरग्याचा महाराष्ट्राच्या भरतीची; मैदानावर अंतर मात्र दोघांनाही 1600 मीटरच. मुलींना महाराष्ट्रात 800 मीटर, कर्नाटकात 400 मीटर धावावे लागते. मैदान सगळ्यांच्या गावात नाही, म्हणून सराव रस्त्यावरच होतो. घरचे म्हणतात, "गारठ्यात पळू नको, छातीत थंडी भरेल." खरा धोका गारठ्यात कमी आणि रस्त्यावर जास्त असतो. तो ओळखला तर हाच मोसम धावायला सगळ्यांत चांगला.

इथली थंडी किती?

बिदर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंच पठारावर आहे, तर कलबुर्गी साधारण 450 मीटरवर. त्यामुळे बिदरला पहाटे दोन-एक अंश जास्त गार वाटते. डिसेंबर-जानेवारीत पारा पहाटे बहुधा 10 ते 15 अंशांत असतो, लाट आली की 10 च्या खाली जातो. बिदरचे नोंदलेले नीचांकी तापमान 2.9 अंश आहे, तारीख 5 जानेवारी 1901. दुपारी मात्र हाच पारा 28-29 वर जातो.

लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी 10 अंशांच्या आसपासची हवा उत्तम मानतात. धावताना शरीर भरपूर उष्णता तयार करते आणि ती बाहेर टाकायला गार हवा मदत करते. महाराष्ट्रातल्या मोठ्या शर्यती याच दिवसांत होतात त्या उगाच नाही. 1983 साली सुरू झालेली पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन परंपरेने डिसेंबरात, तर 2004 पासूनची मुंबई मॅरेथॉन आता जानेवारीत असते. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर मुंबईत भारतीय महिलांमध्ये लागोपाठ जिंकली आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत पोचली.

थंडी कधी जीवघेणी ठरते?

नुसत्या थंडीपेक्षा ओले अंग आणि वारा एकत्र आले की धोका वाढतो. चीनच्या गान्सू प्रांतात 22 मे 2021 रोजी 100 किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक पाऊस, गारा आणि सोसाट्याचा वारा आला. 172 पैकी 21 धावपटू दगावले. अनेकांच्या अंगावर फक्त पातळ टी-शर्ट आणि शॉर्ट्स होत्या. आपल्याकडे इतका गारठा पडत नाही. पण बंगालच्या उपसागरात वादळ झाले की डिसेंबरातही पाऊस येतो, आणि घामाने भिजलेला माणूस शर्यत संपल्यावर वाऱ्यात उभा राहिला की हुडहुडी भरतेच.

थरथर थांबत नाही, बोलणे अडखळते, पाय लटपटतात, माणूस भलतेच बोलतो, ही अंग थंड पडल्याची लक्षणे. अशा वेळी ओले कपडे काढावेत, कोरडे घोंगडे किंवा ब्लँकेट गुंडाळावे. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड चहा द्यावा. दारू अजिबात नको. जोरात थरथरणारा माणूस एकदम शांत पडला तर बरा झाला असे समजू नये, लगेच दवाखाना गाठावा.

अंधाराचे गणित

जानेवारीच्या मध्यावर बिदरला सूर्य साधारण 6.50 च्या सुमारास उगवतो आणि रस्ता नीट दिसण्याइतका उजेड साडेसहाला येतो. पाच वाजता धावणारा म्हणजे दीड तास काळोखात. हेच दिवस ऊस गाळपाचे असतात. उसाने भरलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्यांकडे चालतात. दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस आणि मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच याची खात्री नाही. कलबुर्गीकडे तुरीची रास याच दिवसांत होते. कुठे कुठे तूर रस्त्यावरच वाळत घालतात, कडेला दगड लावतात. अंधारात त्या दगडाला पाय लागला की घोटा गेलाच. त्यात धुके असले तर चालकाला पळणारा माणूस अगदी जवळ आल्यावरच दिसतो.

म्हणून सरावासाठी हे नियम पाळावेत :

- बिदर-हुमनाबाद-कलबुर्गी किंवा सोलापूर-हैदराबाद अशा महामार्गांवर अंधारात धावू नये. गावाचा आतला रस्ता, शाळा-कॉलेजचे मैदान बरे.
- रस्त्याच्या उजव्या कडेने धावावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते.
- काळे, निळे कपडे टाळावेत. पांढरा किंवा पिवळा टी-शर्ट आणि त्यावर रिफ्लेक्टर पट्टी असावी.
- दोन्ही कानांत इअरफोन घालू नयेत. गट असेल तर एकामागे एक धावावे.
- धुके दाट असेल तर तासभर थांबावे.

आयोजकांनी वेळ कशी ठरवावी?

10 किलोमीटरची शर्यत उजाडल्यावर, पावणेसातला सोडली तरी बहुतेक जण आठपर्यंत संपवतात. 21 किलोमीटरला सामान्य धावपटूला सव्वादोन ते अडीच तास लागतात. ती आठला सुरू केली तर शेवटचे धावपटू साडेदहाच्या उन्हात सापडतात. म्हणून ती साडेसहाला, पहिल्या उजेडात सोडणे योग्य. पाहुण्यांच्या भाषणांसाठी मुलांना बनियनवर तासभर उभे करू नये. भाषणे बक्षीस वाटपाला ठेवावीत.

कपडे, खाणे, पाणी

हवा आहे त्यापेक्षा आठ-दहा अंश जास्त उबदार आहे असे धरून कपडे घालावेत. सुरुवातीला थोडे गार वाटले पाहिजे. कान आणि हात झाकावेत. सुती बनियन घाम धरून ठेवते, त्यापेक्षा लवकर वाळणारा टी-शर्ट चांगला. शेवटच्या रेषेजवळ कोरडा स्वेटर कुणाकडे तरी द्यावा.

शेकोटीजवळ बसणे म्हणजे वॉर्म-अप नव्हे, उलट धूर छातीत जातो. दहा-पंधरा मिनिटे चालणे, हळू पळणे आणि मग दोन-चार छोट्या धावा घ्याव्यात. गार कोरड्या हवेत दम्याच्या रुग्णाला धाप लागू शकते. त्याने डॉक्टरांना विचारून पंप जवळ ठेवावा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. चाळिशीनंतर प्रथमच धावणाऱ्याने आधी तपासणी करावी. छातीत दुखले, दडपण आले किंवा घेरी आली तर तिथेच थांबावे.

वेळ अमावास्येला भज्जी, उंडे आणि आंबिलावर ताव मारून दुसऱ्या दिवशी शर्यत पळणे पोटाला जड जाते. आदल्या रात्री नेहमीचे भात-वरण किंवा भाकरी पुरे. थंडीत तहान कमी लागते, पण घामावाटे पाणी जातच असते. नुसत्या चहावर भागवू नये. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. शर्यत संपल्यावर मीठ घातलेले ताक किंवा आंबील हे आपल्याकडचे चांगले पेय आहे.

अपघात झाला तर

मदतीसाठी 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे क्रमांक दोन्ही राज्यांत चालतात. सीमेजवळ मोबाइल पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो, त्यामुळे फोन उचलणाऱ्याला आधी राज्य, मग तालुका, गाव आणि जवळची खूण सांगावी. आपण कोणत्या रस्त्याने निघालो आणि किती वाजता परतणार, हे पहाटे निघताना घरी सांगून जावे.